घरगुती उद्योगासाठी छपरावर सोलर : कराचे कागद आधी, पॅनेल नंतर

मार्च संपत आला की माझ्याकडे ठरलेली माणसं येतात. मालवणकडचे होमस्टेवाले, देवगड-रत्नागिरीचे आमरस डबाबंद करणारे, वेंगुर्ल्याचे काजूवाले, घरीच मसाला आणि कोकम आगळ करणाऱ्या बायका. हातात सोलरचं बिल असतं आणि प्रश्न एकच असतो : "यात टॅक्सचे किती सुटतील?" दहापैकी सात जणांना मला सांगावं लागतं की काहीच सुटणार नाही. कायदा वाईट म्हणून नव्हे. बिल एकाच्या नावाने, मीटर दुसऱ्याच्या, धंदा तिसऱ्याच्या पॅनवर, आणि पैसे रोखीत दिलेले, असं काहीतरी झालेलं असतं. पॅनेल चढल्यावर यातलं जवळजवळ काहीच दुरुस्त होत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिले चार टप्पे कोटेशन मागवण्याआधीचे आहेत.

टप्पा १ : तुम्हाला करात फायदा होणार आहे का, ते आधी पाहा

आधी एक गैरसमज. "सोलर लावलं की तीस टक्के टॅक्स परत" असे व्हिडिओ फिरतात, ते अमेरिकेत २०२५ अखेरपर्यंत घरांना मिळणाऱ्या सवलतीबद्दलचे असतात. आपल्याकडे घरावर सोलर लावलं म्हणून व्यक्तीच्या प्राप्तिकरात थेट वजावट देणारं कलम नाही. आपल्याकडे आहे तो घसारा, म्हणजे वस्तूच्या किमतीचा काही भाग दरवर्षी खर्च धरून नफ्यातून वजा करणं, आणि तोही धंद्यात वापरल्या जाणाऱ्या वाट्यापुरता. सौर यंत्रणेवर घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे. यंत्राच्या सर्वसाधारण १५ टक्के दरापेक्षा तो बराच जास्त आहे, म्हणून विक्रेते त्याची जाहिरात करतात. पण तो तुमच्या हाती लागेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली गोष्ट, तुम्ही अनुमानित पद्धतीने, म्हणजे कलम ४४एडी खाली रिटर्न भरता का? उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरून मोकळं होता का? मग घसारा त्यातच मिळाला असं कायदा मानतो. वेगळा मागता येत नाही. इथे एक जमेची बाजू मात्र आहे, ती कुणी सांगत नाही : वीजबिल घटल्याने तुमचा खरा नफा वाढला तरी करपात्र नफा तेवढ्याच टक्क्याने मोजला जातो. बिलातली बचत पूर्ण तुमची राहते.

दुसरी गोष्ट, एकूण करपात्र उत्पन्न किती? २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. कर शून्यच असेल तर घसाऱ्याने आणखी काय कमी होणार?

तिसरी, तुम्ही वह्या ठेवता का? खरेदी, विक्री, खर्च, सगळं. घसारा वह्यांतून मिळतो, अंदाजातून नाही.

तेव्हा सोलरच्या घसाऱ्याचा खरा उपयोग वह्या ठेवणाऱ्या आणि प्रत्यक्ष कर भरणाऱ्या माणसाला आहे. बाकीच्यांनी वीजबिलातली बचत आणि सरकारी सबसिडी (ती टप्पा ३ मध्ये) एवढ्यावर हिशेब मांडावा. तो बहुतेक वेळा तेवढ्यावरही जमतो. त्यांनी पुढचे टप्पे नाव, मीटर आणि सबसिडीसाठी वाचावेत.

*थांबा :* घसाऱ्याच्या लोभाने ४४एडी सोडू नका. एकदा ती पद्धत वापरून मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षं तिच्यात परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशेबतपासणीही मागे लागते. काही हजारांच्या घसाऱ्यासाठी सीएची फी दरवर्षी भरावी लागेल.

कलमांचे आकडे मी जुन्या, १९६१च्या कायद्याचे देतोय, कारण लोकांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे फॉर्मवर आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

टप्पा २ : नावं जुळवा

कोकणात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एक कागद घ्या आणि पाच नावं एकाखाली एक लिहा : वीजजोडणी कुणाच्या नावाने, घरपट्टी कुणाच्या, धंदा कुणाच्या पॅनवर, सोलरचं बिल कुणाच्या नावाने निघणार, आणि पैसे कुणाच्या खात्यातून जाणार. आपल्याकडची यादी साधारण अशी निघते : मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, घरपट्टी थोरल्या काकांच्या, सातबाऱ्यावर अकरा नावं आणि त्यातली सहा मुंबईला, होमस्टे सुनेच्या नावावर, आणि पैसे देणार मुलगा.

घसारा मालकाला मिळतो. पॅनेल ज्याचं, त्याचा धंदा, त्याचा घसारा. धंदा सुनेचा आणि पॅनेल सासऱ्याचं असेल तर सुनेला घसारा नाही आणि सासऱ्यांना धंदाच नाही, म्हणून त्यांनाही नाही. सूनबाई फक्त प्रत्यक्ष भरलेल्या वीजबिलातला धंद्याचा वाटा खर्चात दाखवू शकते. बचतगटाच्या पॅनवर व्यवसाय आणि पॅनेल एका सदस्येच्या घरावर, असं असेल तरी हीच गत.

सबसिडीला मात्र वेगळं नाव लागतं. ती वीजग्राहकाच्या नावावर अर्ज करून त्याच्या खात्यात येते. म्हणून जोडणी, सोलरचं बिल, बँक खातं आणि धंद्याचा पॅन ही चार नावं एकाच माणसाची करणं हा सगळ्यात सरळ मार्ग.

काय करायचं, ते क्रमाने :

१. मीटर मयताच्या नावावर असेल तर आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. घरपट्टीचा उतारा, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, अशी जुळवाजुळव लागते. चाकरमानी भाऊबंद गणपतीत किंवा शिमग्याला गावी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. नंतर कुरिअरने संमतीपत्रं फिरवण्यात महिने जातात.

२. घर सामाईक असेल तर छप्पर वापरायला हरकत नाही, असं सहहिश्शेदारांचं साधं लेखी संमतीपत्र घ्या. करखात्याला ते लागेलच असं नाही. पण उद्या वाटणीचा वाद निघाला तर पॅनेल कुणाचं, याचा तो पुरावा ठरतो.

३. धंदा पत्नीच्या नावावर आणि मीटर पतीच्या, असं असेल तर जोडणी तिच्या नावावर होते का ते पाहा. होत नसेल तर घसाऱ्याचा विषय सोडून द्या. ओढूनताणून बिल तिच्या नावाने करायला गेलात तर सबसिडी अडकते.

*तपासा :* आधार, पॅन, वीजबिल आणि बँक पासबुक या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग सारखं आहे का? आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, यावरूनही अर्ज परत येतात.

टप्पा ३ : मीटर कोणता, हे ठरवा

पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी फक्त घरगुती जोडणीला आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॅट आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी कमाल ७८,००० रुपये. व्यावसायिक जोडणीला ती नाही.

मग घरातून धंदा करणाऱ्याचा मीटर घरगुती की व्यावसायिक? महावितरणच्या दररचनेत याला सोय आहे. घराच्या काही भागात धंदा चालत असेल आणि एकूण वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, शिवाय आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. राहत्या घरात काम करणारे वकील, डॉक्टर, सीए, इंजिनीअर यांच्या व्यवसायालाही घरगुती दर आहे. अर्ज करण्याआधी चालू दरपत्रकातला घरगुती वर्गवारीचा परिच्छेद स्वतः वाचा.

दोन डीप फ्रीजर, पल्पर आणि एसीच्या तीन खोल्या असतील तर ३,६०० युनिट कधीच मागे पडतात. अशा वेळी घरगुती मीटरवर धंदा चालू ठेवणं धोक्याचं आहे. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नेट मीटरिंग, म्हणजे सोलरची जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करून घेणं, त्या त्या जोडणीपुरतं असतं. तुमच्या धंद्याला वेगळा व्यावसायिक मीटर असेल आणि सोलर घरगुती मीटरवर लावलं, तर त्याची वीज धंद्याच्या बिलात वळती होत नाही. म्हणजे धंद्याचा वापर शून्य, आणि घसाराही शून्य. सबसिडी घरगुतीवर घ्यायची आणि घसारा मात्र व्यावसायिक मीटरवरच्या धंद्यात मागायचा, असं मी दरवर्षी पाहतो. नोटीस आली तर याला उत्तर नसतं.

अशांपुढे दोन वाटा आहेत. घरगुती मीटरवर सोलर, सबसिडी घ्या, कर विसरा. किंवा व्यावसायिक मीटरवर सोलर, सबसिडी विसरा, पण पूर्ण किमतीवर घसारा घ्या. व्यावसायिक युनिटचा दर जास्त असल्याने तिथे बचतही मोठी होते. फ्रीजर आणि एसी बारा महिने चालवणाऱ्याला मी दुसरी वाट सुचवतो.

आणि बागेचा पंप? आंब्याच्या कलमांना किंवा माडांना पाणी देण्यात गेलेली वीज शेतीची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून तेवढ्या वापराचा घसारा धंद्यातून वजा होत नाही. विहिरीवरचा पंप घरच्याच मीटरवर असेल तर वापराचे दोन नव्हे, तीन वाटे करावे लागतील.

टप्पा ४ : धंद्याचा वाटा मोजायला सुरुवात करा, पॅनेल येण्याआधीच

घर आणि धंदा दोन्हीकडे वापरल्या जाणाऱ्या वस्तूचा घसारा धंद्याच्या वाट्यापुरताच मिळतो, हे कलम ३८ सांगतं. वाटा किती, हे तुम्हीच दाखवायचं. "साधारण पन्नास टक्के" असं लिहिलेलं रिटर्न मी भरत नाही.

सोपा उपाय म्हणजे धंद्याच्या खोलीची, फ्रीजरची किंवा पाहुण्यांच्या खोल्यांची वायरिंग एका एमसीबीवर (फ्यूजच्या जागी असतो तो स्विच) घ्या आणि तिथे एक सब-मीटर लावा. वायरमन हे एका दिवसात करतो. दर महिन्याच्या एक तारखेला मुख्य मीटर आणि सब-मीटर, दोन्हींचं रीडिंग वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सोलर लागल्यावर मुख्य मीटरवर आयात-निर्यात, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज, दिसेल. तेव्हा घराचा एकूण वापर म्हणजे इन्व्हर्टरने दाखवलेली निर्मिती, अधिक आयात, वजा निर्यात. त्यातले सब-मीटरचे युनिट म्हणजे धंद्याचा वाटा.

एका महिन्यावरून वर्षाचा वाटा काढू नका. मे महिन्यात आमरसाचं काम रात्रंदिवस चालतं, तेव्हा धंदा सत्तर टक्क्यांवर जातो. भाद्रपदात घर पाहुण्यांनी भरतं, चाकरमानी येतात, पंखे-गिझर थांबत नाहीत, तेव्हा धंदा पंधरावरही येत नाही. होमस्टेचं डिसेंबर-मे भरलेलं आणि पावसाळ्यात रिकामं, असंही उलटसुलट असतं. बारा महिन्यांची बेरीज करून एकच टक्का काढा.

*तपासा :* सब-मीटरवर फक्त धंद्याचीच उपकरणं आहेत ना? घरातला वॉशिंग मशीनचा पॉइंट त्याच लाइनवर असला, की अख्खा हिशेब नासतो.

टप्पा ५ : कोटेशन आणि बिल असं मागा

विक्रेता तोंडी सांगतो, "सबसिडी जाऊन एक लाखात बसेल." ते ऐकून घ्या, पण बिल पूर्ण किमतीचं मागा. सबसिडी वजा करून बनवलेलं बिल पुढे कुठेच चालत नाही.

बिलात हे वेगवेगळं दिसलं पाहिजे : पॅनेल (मेक, वॅट, सिरीयल नंबरची यादी), इन्व्हर्टर (सिरीयल नंबरसह), सांगाडा, केबल-अर्थिंग, बसवण्याची मजुरी, आणि बॅटरी असेल तर बॅटरी. सबसिडीसाठी पॅनेल देशी सेलचं, ज्याला डीसीआर म्हणतात तेच लागतं. ते बिलावर लिहून घ्या.

जीएसटीचा आकडा तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माल आणि बसवणं एकत्र असेल तर किमतीचे ७० टक्के माल धरून त्यावर ५, आणि ३० टक्के सेवा धरून त्यावर १८ टक्के लागतो. सरासरी ८.९ टक्के होते. जुन्या कोटेशनवरून १३.८ टक्के लावणारे अजून भेटतात.

उदाहरण घेऊ. तीन किलोवॅट, मूळ किंमत १,६५,००० रुपये. ७० टक्के म्हणजे १,१५,५००, त्यावर ५ टक्के ५,७७५. उरलेले ४९,५००, त्यावर १८ टक्के ८,९१०. जीएसटी १४,६८५ आणि एकूण बिल १,७९,६८५. हा आकडा पुढे पुन्हा लागेल.

आता आपल्या छपरांचा प्रश्न. कौलांवर पॅनेल नीट बसत नाही. मग कुणी परसात खांब उभे करतं, कुणी अख्खी पत्र्याची शेड घालून तिच्यावर पॅनेल लावतं. शेड, जांभ्याचं बांधकाम, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, हे सोलर नव्हे. त्यावर ४० टक्के घसारा लागत नाही. ते बांधकामात जातं आणि त्याचा दर फार कमी आहे. विक्रेत्याने सगळं "सोलर सिस्टीम" म्हणून एका ओळीत लिहिलं तर सगळीच ओळ संशयात येते. शेडचं बिल वेगळं घ्या. पॅनेल पेलणारा सांगाडा मात्र यंत्रणेचाच भाग आहे. खाऱ्या वाऱ्यासाठी तो हॉट डिप गॅल्वनाइज्ड हवा, हेही बिलात लिहून घ्या. नुसतं "जीआय" लिहिलेलं असेल तर दोन पावसाळ्यांत गंज दिसेल.

जाता जाता : साधी ऑन-ग्रिड यंत्रणा, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेली, लाइट गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लाइनमनच्या सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते. जूनमध्ये दोन दिवस लाइट नसताना फ्रीजर चालेल या भरवशावर आमरस भरून ठेवू नका. तेवढ्यासाठी हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. सबसिडी मात्र पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीवर नाही.

टप्पा ६ : पैसे बँकेतूनच द्या

हा टप्पा छोटा आहे, पण यात घसारा जातो. धंद्याच्या मालमत्तेसाठी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिलीत, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही. विक्रेता म्हणेल, "पन्नास हजार कॅश द्या, बिल कमी करतो." त्या पन्नास हजारांवरचा घसारा गेला, आणि कमी बिलामुळे वॉरंटीचा वाद झाला तर बोलायला तोंड राहत नाही.

धंद्याच्या त्याच माणसाच्या खात्यातून एनईएफटी किंवा चेकने पैसे द्या. कर्ज घेतलं तर तेही त्याच्याच नावाने. व्याजातला धंद्याचा वाटा खर्चात जातो. यंत्रणा चालू होण्याआधीचं व्याज किमतीत मिळवायचं असतं. मुद्दलाचा हप्ता कधीच खर्चात जात नाही. अख्खा ईएमआय खर्चात टाकलेला हिशेब मला महिन्याला एक तरी भेटतो.

टप्पा ७ : चालू झाल्याची तारीख

घसारा बिलाच्या तारखेवर नाही, यंत्रणा प्रत्यक्ष वापरात आल्याच्या तारखेवर ठरतो. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा, म्हणजे २० टक्के. एरवीच्या वर्षी ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते, फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर ४ ऑक्टोबर.

कोकणात या तारखेचा जाच होतो. जून ते सप्टेंबर छपरावर चढणं कठीण, गणपतीत कामगार गावी, आणि मग दसऱ्यानंतर काम सुरू होतं. तोपर्यंत मुदत बहुतेक गेलेली असते. पूर्ण दर हवा असेल तर काम मेच्या मध्यापर्यंत उरका. जूनच्या तोंडावर अर्धवट सांगाडा उघडा ठेवू नका. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीने पाहिलंय, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं.

मुदत हुकली तर घाई करून कागद मागच्या तारखेचे करू नका. निम्मा दर फक्त पहिल्या वर्षी, उरलेली रक्कम पुढच्या वर्षांत ४० टक्क्यांनी जातेच. नुकसान फार नाही.

*तपासा :* महावितरणचा कमिशनिंग (यंत्रणा चालू झाल्याचा) अहवाल आणि नेट मीटर बसल्याची नोंद, दोन्हींच्या प्रती फाइलला लावा. "वापरात कधी आलं" याला तोच पुरावा.

टप्पा ८ : सबसिडी आली की

योजनेच्या पोर्टलवर कमिशनिंगची नोंद झाल्यावर बँकेचा तपशील भरला की सबसिडी खात्यात येते. बँक स्टेटमेंटवर ७८,००० जमा दिसले की काही जण ते विक्रीत टाकतात, काही "इतर उत्पन्न" म्हणून. दोन्ही चूक. मालमत्तेसाठी मिळालेली सबसिडी मालमत्तेच्या किमतीतून वजा होते.

आपल्या उदाहरणात : १,७९,६८५ वजा ७८,०००, म्हणजे १,०१,६८५. घसारा या रकमेवर. मार्चमध्ये यंत्रणा बसली आणि सबसिडी एप्रिलमध्ये आली, तरी पूर्ण किमतीवर घसारा घेऊन बसू नका. मंजूर होणार हे माहीत असेल तर आधीच वजा धरा.

टप्पा ९ : जीएसटी क्रेडिट, मिळतं का आणि घ्यावं का

क्रेडिट म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करून घेणं. जीएसटी नोंदणीच नसेल (महाराष्ट्रात मालाला ४० लाख आणि सेवांना २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे ती लागत नाही) तर हा टप्पा सोडा. तुमचा जीएसटी किमतीत मिसळलेला आहे आणि त्यावर घसारा मिळतोच. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरण्याच्या सोप्या योजनेत असाल तरी क्रेडिट नाही.

होमस्टेवाल्यांनी नीट वाचा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तोही इनपुट क्रेडिटशिवाय. पूर्वी १२ टक्के होता तेव्हा क्रेडिट घेता यायचं. म्हणजे आता खोल्यांच्या धंद्यासाठी सोलरचं क्रेडिट नाही. जुन्या लेखांवर विसंबून घेतलंत तर व्याजासह परत भरावं लागेल.

करपात्र माल विकणारे नोंदणीकृत, मसाला, सरबत, डबाबंद रस वगैरे, यांना धंद्याच्या वाट्याचं क्रेडिट मिळू शकतं. सोबत ताजे आंबे, नारळ असा करमुक्त मालही विकत असाल तर त्याच्या प्रमाणात ६० महिने हिशेब करून काही भाग परत करावा लागतो. ग्रिडला दिलेली वीजही करमुक्त पुरवठ्यातच मोडते. वाटा ४० टक्के धरला तर आपल्या उदाहरणात १४,६८५ पैकी ५,८७४ रुपये होतात. एवढ्यासाठी पाच वर्षांचा हिशेब सांभाळायचा का, ते तुमच्या हिशेबनिसाशी बोलून ठरवा. मी लहान उद्योगांना नको म्हणतो.

*थांबा :* क्रेडिट घेतलेल्या जीएसटीवर घसारा मागता येत नाही. दोन्ही घेतलं तर क्रेडिट जातं. आणि क्रेडिट घ्यायचंच असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक बिल काढतानाच घालून घ्या.

टप्पा १० : रिटर्नमध्ये काय मांडायचं

किंमत १,०१,६८५, धंद्याचा वाटा ४० टक्के, जीएसटी क्रेडिट घेतलेलं नाही. मुदतीत चालू झालं तर घसारा ४०,६७४, त्यातला धंद्याचा १६,२७० रुपये. ३ ऑक्टोबरनंतर झालं तर ८,१३५. नव्या करप्रणालीत १५ टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाचा पहिल्या वर्षाचा कर उपकरासह साधारण २,५०० रुपयांनी कमी होतो. कोटेशनवर "टॅक्समध्ये पंचवीस हजार सुटतील" असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा कुणाच्या उत्पन्नावर काढला ते विचारा.

यंत्रांवरचा अतिरिक्त २० टक्के घसारा कुणी सुचवला तर सोडून द्या. राहत्या घरात बसवलेल्या यंत्राला तो मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच.

घसारा ऐच्छिकही नाही. "यंदा नफा कमी आहे, पुढच्या वर्षी घेऊ" असं चालत नाही. मागितला नाही तरी घेतला असं धरून शिल्लक किंमत कमी होते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक वीजबिलाची. सोलरआधी बिल ३,५०० यायचं, आता ३०० येतं, पण खर्चात जुनाच आकडा चालू ठेवलेला असतो, "वीज वापरतोय ना आपण" म्हणून. खर्च प्रत्यक्ष भरलेल्या बिलाचा, आणि त्यातही धंद्याच्या वाट्याचाच. आर्थिक वर्षाअखेर शिल्लक युनिटची रक्कम बिलात वळती झाली तर तीही वीजखर्चातून कमी करा.

पॅनेल धुण्याची मजुरी, देखभालीचा करार, गंजलेले क्लॅम्प, इन्व्हर्टरची दुरुस्ती, हे त्या वर्षीचे खर्च, त्याच टक्क्याने. समुद्रालगत क्षार बसतो, धुणं वारंवार लागतं. त्याची साधी पावती घ्यायची सवय लावा.

टप्पा ११ : फाइल, आणि वादळानंतर

एक फाइल करा : पूर्ण बिल, बँकेची नोंद, कमिशनिंग अहवाल, सबसिडी जमेची नोंद, सब-मीटरची वही, संमतीपत्रं. ही सहा वर्षांनी रद्दीत घालू नका, पॅनेल छपरावर आहे तोवर ठेवा. दमट हवेत थर्मल कागदाची पावती वर्षभरात कोरी होते. झेरॉक्स किंवा फोटो त्याच दिवशी काढा.

वादळात पॅनेल उडालं आणि विम्याचे पैसे आले, किंवा जुनी यंत्रणा विकली, तर आलेली रक्कम धंद्याच्या वाट्याने शिल्लक किमतीतून वजा होते. शिल्लकीपेक्षा जास्त आली तर वरची रक्कम अल्पमुदतीचा भांडवली नफा म्हणून करपात्र होते. जीएसटी क्रेडिट घेतलं असेल तर नष्ट झालेल्या किंवा विकलेल्या मालाचा त्याचाही हिशेब द्यावा लागतो. पंचनामा होण्याआधी पॅनेलच्या मागच्या सिरीयल नंबरचे फोटो काढून ठेवा. बिलावरच्या यादीशी ते जुळले नाहीत तर विमावाले तिथेच अडवतात.